परिचारिकेचे शिक्षण आणि घराचे वेळापत्रक

लष्करी परिचर्या सेवेतील एका अधिकारी स्त्रीला १९८८ मध्ये सेवामुक्त करण्यात आले. तिचा अपराध इतकाच की, तिने लग्न केले होते. विवाह करणाऱ्या परिचारिकेची सेवा संपुष्टात आणणारा १९७७ चा लष्करी आदेश पुढे १९९५ मध्ये मागे घेण्यात आला. परंतु त्या स्त्रीचा दावा एका न्यायासनापुढून दुसऱ्यापुढे जात अखेर सर्वोच्च न्यायालयात पोहोचला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याचा निकाल लागला. लग्न हे नोकरीवरून काढण्याचे कारण ठरविणारा नियम उघडउघड मनमानी व स्त्री-पुरुष भेदभावाचा आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि ६० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला. छत्तीस वर्षे उशिरा का होईना, न्याय झाला याचे समाधान सर्वांनाच वाटले. मात्र ज्या समजुतीतून तो आदेश जन्माला आला, ती समजूत आदेशाबरोबर नाहीशी झाली असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. परिचर्येचे शिक्षण घेणारी स्त्री ही अविवाहित, वसतिगृहात राहणारी आणि घरच्या जबाबदाऱ्यांतून मोकळी असते, हे गृहीतक आपल्या अभ्यासक्रमांच्या वेळापत्रकात, हजेरीच्या नियमांत आणि रजेच्या तरतुदींत अद्याप शाबूत आहे. ते कोणी लिहून ठेवलेले नाही. त्यामुळे त्याविरुद्ध दादही मागता येत नाही.

या गृहीतकाला इतिहास आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० मध्ये लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात परिचर्येची शाळा काढली, तेव्हा रुग्णालयात काम करणाऱ्या बायकांविषयी तेथील समाजाचे मत अतिशय वाईट होते. सुस्थित घरातील मुलींनी हा व्यवसाय पत्करावा, तर त्यांच्या चारित्र्याची हमी देणारी व्यवस्था हवी, म्हणून शिस्तीचे वसतिगृह हा त्या शिक्षणाचा कणाच झाला. मिशन रुग्णालयांच्या मार्फत तीच घडण आपल्याकडे आली. येथे तिला वेगळाच उपयोग सापडला. १८७३ मध्ये अकराव्या वर्षी रानड्यांच्या घरात आलेल्या रमाबाईंना घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष सोसत अक्षरे गिरवावी लागली होती. घर आणि शिक्षण यांची ओढाताण म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. त्याच रमाबाईंनी १९०९ मध्ये गोपाळ कृष्ण देवधरांच्या साहाय्याने पुण्यात सेवासदन उभे केले आणि सेवासदनातून विधवा व निराधार स्त्रिया ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेऊ लागल्या. ज्या बाईला घराने नाकारले तिला वसतिगृह हेच घर होते. रुग्णालयाच्या पाळ्या सांभाळताना तिची वाट पाहणारे मागे कोणी नव्हते, किंबहुना तेच तिचे दुःख होते. त्या काळी वसतिगृहाची सक्ती ही सक्ती नसून आसरा होता, हे विसरून आज तिच्यावर टीका करणे अन्यायाचे होईल.

पण शिकणारी स्त्री बदलली आहे. परिचर्येच्या वर्गात आज बारावी झालेल्या मुली बहुसंख्य असल्या, तरी त्यांच्याबरोबर आणखी एक वर्ग शिकू पाहतो आहे, आणि आरोग्यसेवेचा भार प्रत्यक्षात त्याच वर्गाच्या खांद्यावर आहे. उपकेंद्रात दहा-बारा वर्षे लसीकरण आणि बाळंतपणे केलेली आरोग्यसेविका जी.एन.एम. होऊ इच्छिते. जिल्हा रुग्णालयातील अधिपरिचारिकेला पोस्ट बेसिक बी.एस्सी. करायची असते, कारण परिसेविकेच्या किंवा पाठ्यनिर्देशिकेच्या जागेकडे जाणारी वाट आता पदवीवरून जाते. खाजगी रुग्णालयातील परिचारिकेला परदेशी जायचे असते, किंवा निदान सरकारी नोकरीच्या जाहिरातीला अर्ज करता यावा एवढीच तिची इच्छा असते. यांतील बहुतेकींची लग्ने झालेली असतात, पदरी एखाददुसरे मूल असते आणि घरखर्चातील मोठा वाटा त्यांच्या पगारातून जात असतो. नोकरी, घर आणि शिक्षण हे तीन आळीपाळीने करण्याचे पर्याय त्यांच्यापुढे नसतात. तिन्ही एकाच वेळी करावयाची असतात.

तिचा दिवस कसा जातो, हे शिक्षणाचे नियम ठरविणाऱ्यांनी एकदा डोळ्यांपुढे आणावे. सकाळी सातला विभागात हजर राहायचे, तर पाचला उठून डबे आणि मुलाची शाळेची तयारी उरकावी लागते. विद्यार्थिनी म्हणून विभागात जाणारी बाई केवळ पाहण्यासाठी जात नाही. खाटा लावणे, सलाईन पाहणे, नाडी-तापमानाच्या नोंदी ठेवणे, डॉक्टरांच्या फेरीबरोबर धावणे हे सर्व तिला करावे लागते आणि मनुष्यबळ अपुरे असलेल्या रुग्णालयात तिचे हात हे हक्काचे हात समजले जातात. दुपारी वर्ग. संध्याकाळी घरी पोहोचल्यावर स्वयंपाक, मुलाचा अभ्यास, सासू-सासऱ्यांची औषधे. आणि रात्री सगळे निजल्यावर शरीरशास्त्राचे पुस्तक व पूर्ण करावयाची नोंदवही. बाळंतपणाच्या विभागात नेमणूक असली की ठराविक संख्येने बाळंतपणे स्वतः करून ती नोंदवहीत लिहून सही घ्यावी लागते. बाळंतपण वेळापत्रक पाहून होत नाही. तासभर आधी घरी जायला निघालेल्या बाईच्या हातून तो 'केस' जातो आणि मग दुसऱ्या रात्रीची वाट पाहावी लागते. रात्रपाळी उतरून आलेल्या बाईने दिवसा झोपावे, असे आरोग्यशास्त्राच्या पुस्तकात लिहिलेले असते. पण दिवसा झोपणारी सून ही कल्पना आपल्या घरांच्या अजून अंगवळणी पडलेली नाही.

अर्थशास्त्रात एखाद्या गोष्टीची किंमत तिच्यासाठी सोडून द्याव्या लागणाऱ्या दुसऱ्या गोष्टीने मोजतात. या शिक्षणाची किंमत केवळ फीच्या पावतीवर पाहिली तर हिशेब चुकतो. नोकरी सोडून दोन वर्षांचा पोस्ट बेसिक अभ्यासक्रम करणाऱ्या परिचारिकेचे उदाहरण घेता येईल. खाजगी क्षेत्रातील परिचारिकांच्या वेतनाबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधील निर्देशानुसार नेमलेल्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही दरमहा किमान २०,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली होती. ही शिफारस पाळली गेली असे धरले, तरी दोन वर्षांत बुडणारे वेतन ४,८०,००० रुपये होते. प्रत्यक्षात अनेक लहान रुग्णालयांत एवढाही पगार मिळत नाही, म्हणजे बुडणारी रक्कम त्या मानाने कमी असते; पण त्याच कारणाने शिल्लकही नसते, आणि ज्या घरात शिल्लक नाही तेथे दोन वर्षे पगाराविना काढण्याचा प्रश्नच उपस्थित होत नाही.

पैशाचा हिशेब निदान मांडता तरी येतो. वेळेचा हिशेब कोणी मांडत नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीनुसार बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवितात, तर असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे. घरातील माणसांची काळजी घेण्यात स्त्रियांची १३७ आणि पुरुषांची ७५ मिनिटे जातात. पाच वर्षांपूर्वीच्या पाहणीशी ताडून पाहता हे आकडे किंचितच हलले आहेत. म्हणजे पाच तासांच्या आसपासचे घरकाम नोकरी आणि अभ्यासक्रम सुरू होण्याच्या आधीच तिच्या नावावर लिहिलेले असते. ती वर्गात गेल्यावर हे काम नाहीसे होत नाही. ते दुसऱ्या कोणाकडे जाते. बहुतेक घरांत ते सासूकडे, आईकडे, जावेकडे किंवा थोरल्या मुलीकडे जाते. नवरा 'मदत' करतो आणि त्याचे चारचौघांत कौतुकही होते. मदत हा शब्दच काम मुळात कोणाचे, हे सांगून टाकतो. परिचारिकांच्या सत्कारसमारंभात सासूबाईंचे आभार मानण्याची प्रथा आहे, आणि ती योग्य आहे. परंतु ज्या साठीच्या बाईने गुडघे दुखत असताना दोन नातवंडांना तीन वर्षे सांभाळले, तिने वस्तुतः राज्याच्या आरोग्यखात्याला एक अधिक शिकलेली परिचारिका मिळवून दिली, ही नोंद कोणत्याही अंदाजपत्रकात सापडणार नाही. आणि जिच्या घरात अशी सासू वा आई नाही, तिने काय करावे? उच्च शिक्षणाची शिडी गुणांवर चढायची की घरात मोकळी असलेल्या दुसऱ्या स्त्रीच्या भरवशावर, हा येथे खरा प्रश्न आहे.

नियमांनी या ओढाताणीत हात दिला असता तर गोष्ट निराळी होती. जी.एन.एम.च्या प्रवेशासाठी भारतीय परिचर्या परिषदेने सर्वसाधारण उमेदवाराला ३५ वर्षांची कमाल मर्यादा घातली, पण नोंदणीकृत ए.एन.एम.ला वयाची अट ठेवली नाही. हा नियम उदार आहे. चाळिशीतल्या आरोग्यसेविकेला त्याने दार उघडून दिले. आत गेल्यावर मात्र तिला अठरा वर्षांच्या मुलीच्या बाकावर, पहिल्या वर्षापासून, तीन वर्षे बसावे लागते. जी.एन.एम. झालेली परिचारिका चार वर्षांची पदवी दोन वर्षांत घेऊ शकते, कारण तिच्या आधीच्या शिक्षणाची किंमत धरली जाते. ए.एन.एम.चा दोन वर्षांचा अभ्यास आणि त्यानंतरचा उपकेंद्रातील अनुभव यांची किंमत मात्र शून्य धरली जाते. जिने शेकडो बाळंतपणे सुखरूप केली, तिला पुन्हा खाट कशी लावावी येथून सुरुवात करावी लागावी, यात शिस्त असेल. शहाणपण दिसत नाही.

दुसरा अडथळा रजेचा. राज्याच्या नागरी सेवा नियमांप्रमाणे अभ्यासरजा मिळते ती पाच वर्षांच्या सेवेनंतर, एका वेळी साधारणतः बारा महिने आणि संपूर्ण सेवेत चोवीस महिने. दोन वर्षांचा पोस्ट बेसिक अभ्यासक्रम या मापात कसाबसा बसतो; तीन वर्षांचा जी.एन.एम. बसत नाही. म्हणजे ज्या खालच्या पायरीवरील स्त्रीला शिक्षणाची निकड अधिक, तिलाच रजा अपुरी पडते. शिवाय ही चर्चा कायम नोकरीतील स्त्रीची झाली. राष्ट्रीय आरोग्य अभियानात अकरा महिन्यांच्या करारावर काम करणाऱ्या परिचारिकेला चोवीस महिन्यांच्या रजेविषयी बोलणे म्हणजे थट्टाच. खाजगी रुग्णालयांत तर याहून साधी अडवणूक होत आली आहे. नोकरीवर घेताना मूळ प्रमाणपत्रे ठेवून घ्यायची आणि ठराविक मुदतीपूर्वी सोडल्यास ती परत करण्यासाठी पैसे मागायचे, ही तक्रार २०११-१२ च्या सुमारास मुंबई, दिल्ली व केरळातील परिचारिकांच्या आंदोलनांत प्रामुख्याने पुढे आली होती. पुढच्या अभ्यासक्रमाचा अर्ज भरताना पहिली मागणी होते ती याच मूळ प्रमाणपत्रांची.

हजेरीच्या नियमाचा विचार जरा सावकाशीने करावा लागेल. परीक्षेला बसण्यासाठी ८० टक्के हजेरी पुरते. परंतु पदवी किंवा प्रमाणपत्र हाती पडण्यापूर्वी प्रत्यक्ष रुग्णसेवेच्या प्रत्येक विभागातील हजेरी १०० टक्के भरावी लागते. मुलाला गोवर निघाल्यामुळे बुडालेले आठ दिवस पुढे केव्हा तरी भरून द्यावेच लागतात, आणि ते बहुधा सुट्टीत किंवा शेवटच्या परीक्षेनंतर, मैत्रिणी नोकरीला लागल्यावर भरावे लागतात. या नियमाविरुद्ध तक्रार करणारे पुष्कळ भेटतात. तथापि हा नियम सैल करावा, असे म्हणणे धाडसाचे आहे. परिचर्या हा पत्राने शिकण्याचा विषय नव्हे. अतिदक्षता विभागातील रुग्णाचा श्वास बदलला, हे ओळखणारी नजर तेथे उभे राहिलेल्या तासांतूनच येते. ते तास कमी केल्यास त्याची किंमत रुग्ण देतो. महाविद्यालये आणि परिषद याच मुद्द्यावर ठाम राहतात, आणि त्यांचे म्हणणे सर्वस्वी बरोबर आहे.

मात्र किती तास, हा प्रश्न वेगळा आणि ते तास केव्हा, हा वेगळा. पहिल्यात तडजोड नको. दुसऱ्यात तडजोड न करण्याला सवयीखेरीज दुसरे कारण दिसत नाही. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने १९९४ मध्ये नोकरीत असलेल्या परिचारिकांसाठी पोस्ट बेसिक बी.एस्सी.चा अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हा दोन वर्षांचा अभ्यास तीन वर्षांत पसरला आणि प्रात्यक्षिकासाठी अभ्यासकेंद्राशी जोडलेल्या रुग्णालयातील हजेरी आवश्यक ठेवली. काळ वाढवून तास राखता येतात, हे या देशात तीस वर्षांपूर्वीच मान्य झाले आहे. पदवी अभ्यासक्रमासाठी परिषदेच्या नव्या नियमांनी श्रेयांक व सत्र पद्धती आणली. श्रेयांक याचा अर्थच असा की, मिळविलेले शिक्षण साठवून ठेवता येते. मग बाळंतपणासाठी एक सत्र थांबलेल्या बाईला पुढच्या सत्रात, आधीचे काही न गमावता, परत येता आले पाहिजे. विद्यार्थिनींना प्रसूती व बालसंगोपनासाठी रजा आणि हजेरीत सवलत देणारे नियम करावेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२१ मध्ये विद्यापीठांना कळविले होते. परिचर्या महाविद्यालयांत हा विषय प्राचार्यांच्या मर्जीवर राहू नये. २०२३ च्या कायद्याने परिचर्या परिषदेच्या जागी राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाची तरतूद झाली आहे. नवे नियम लिहिताना ए.एन.एम.च्या अनुभवाचे श्रेयांक धरण्याचा आणि पाळीच्या कामातील देखरेखीखालचे काही तास प्रात्यक्षिकात मोजण्याचा विचार त्या आयोगाला करता येईल. त्यासाठी परीक्षा घ्यावी, हात तपासावेत, हवी तर कठोर तपासणी करावी. पण शून्यापासून सुरुवात नको.

पैसा कोठून आणायचा, असा प्रश्न येथे साहजिकच येतो. यांतील काही गोष्टींना पैसा लागतच नाही. पाळ्यांचा तक्ता एक महिना आधी लावावा, एवढ्यानेच कित्येक घरांतील धावपळ अर्धी होईल. रविवारी संध्याकाळी सोमवारची रात्रपाळी कळली की बाईला मूल ठेवण्यासाठी शेजारपाजारी दारे ठोठवावी लागतात. काही गोष्टींना मात्र पैसा लागतो आणि तो न दिल्याचा भुर्दंड दुसरीकडून भरावा लागतो. परिषदेच्या निकषांप्रमाणे सर्वसाधारण विभागात शिक्षण-रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि इतरत्र पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी, शिवाय रजेसाठी ३० टक्के जादा जागा असाव्यात. हे ३० टक्के कागदावरून विभागात उतरत नाहीत, तोवर शिकायला गेलेल्या प्रत्येक परिचारिकेची पाळी तिच्या सहकारिणी ओढतात. परिणामी तिला सोडायला अधिसेविका नाखूष असते, सहकारिणी कुरकुरतात, आणि दोष मात्र शिकू पाहणाऱ्या बाईच्या महत्त्वाकांक्षेला दिला जातो. घरातही तेच, विभागातही तेच. दोन्हीकडे माणसे वाईट नाहीत. दोन्हीकडे बदली माणूस नाही.

पाळणाघराचा मुद्दा याच जातीचा. प्रसूतिलाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेवर पाळणाघराचे बंधन घातले आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ते कायम ठेवले. मोठ्या रुग्णालयाला ते लागू होते, पण ज्या पाळीत त्याची सर्वांत अधिक गरज असते त्या रात्रपाळीला चालणारे पाळणाघर दुर्मीळ. शिवाय विद्यार्थिनी ही कर्मचारी नव्हे. ती त्याच विभागात, त्याच रुग्णांसाठी, तेच काम करते. तरीही तिच्या मुलासाठी कायद्यात जागा नाही.

केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयांना जोडून १५७ नवी सरकारी परिचर्या महाविद्यालये काढण्यास मान्यता दिली. एकूण खर्च १,५७० कोटी, म्हणजे प्रत्येकी दहा कोटी रुपये. त्यांपैकी ज्यांच्या इमारती अद्याप उभ्या राहावयाच्या आहेत, त्यांच्या नकाशांत वर्गखोल्या, प्रयोगशाळा आणि ग्रंथालय असणारच. तळमजल्यावर, विभागांकडे जाणाऱ्या वाटेवर, रात्रंदिवस उघडी राहील अशी मुलांची एक खोली आणि तिच्यासाठी तीन पाळ्यांत मिळून चार-पाच आयांच्या मंजूर जागा त्यात बसविता येतात. महाराष्ट्रातील अशा महाविद्यालयांचे नकाशे सार्वजनिक बांधकाम खात्याकडून वैद्यकीय शिक्षण खात्याकडे मंजुरीला येतील, तेव्हा ही खोली त्यात आहे की नाही, हे विधिमंडळातील एखाद्या सदस्याने एका तारांकित प्रश्नाने विचारून घ्यावे.